आभाळात सगळं ओके, लोचा गच्चीवर : सोळा वर्षं वापरलेल्या डिशचा रिव्ह्यू

कंपनीचं नाव लिहिणार नाही हे आधीच सांगतो. नाव घेतलं की माणसं नावावरच भांडत बसतात, एक म्हणतो आमच्याकडं कधी काय झालं नाही, दुसरा म्हणतो मी तर कधीच काढून टाकली, आणि मूळ गोष्ट राहते बाजूला. तसंही या बाबतीत सगळे एकाच माळेचे मणी आहेत.

तर रिव्ह्यू आहे डीटीएच कनेक्शनचा. घेतलं २००९ ला, अजून चालू. एवढ्या काळात दोन टीव्ही बदलले, एक फ्रिज भंगारात गेला, माझं लग्न झालं, पोरगं तिसरीत गेलं, पण गच्चीवरची छत्री तिथंच आहे, रंग उडालेली, कबुतरांनी नटवलेली.

घेतलं कसं ते सांगतो. अप्पांचे तेव्हा सोलापुरात अक्कलकोट रोडला भाड्याच्या शेडमध्ये सहा माग होते, टॉवेलचे. सप्टेंबर २००८ मध्ये तिकडं अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली आणि चार-पाच महिन्यांत इकडं आमच्या शेडमध्ये शांतता झाली. ज्यानं मागाशेजारी लहानपण काढलंय त्यालाच ही शांतता कळेल, खडखडाट चालू असला की झोप लागते, बंद झाला की लागत नाही. सहातले दोन माग चालू, तेही आठवड्यातून तीन-चार दिवस. अन् अशा वेळी या माणसानं दीड हजार रुपये मोजून डिश आणली. आईनं दोन दिवस बोलणं टाकलं. अप्पांचं म्हणणं एवढंच, मंदीत माणूस जातोय कुठं, घरातच बसणार की, पाच जण पिक्चरला गेलो तर एका संध्याकाळी चारशे-पाचशे उडतात, त्यात इथं दोन महिने निघतात.

दुसरं कारण लोडशेडिंग. आताच्या पोरांना खरं वाटणार नाही पण तेव्हा केबलचा प्रॉब्लेम असा होता की आमच्याकडं लाइट असली तरी केबलवाल्याच्या गल्लीत नसायची, आणि त्याच्याकडं आली की आमची जायची. म्हणजे दोन्हीकडं एकाच वेळी लाइट असली तरच मालिका दिसणार, पत्रिका जुळल्यासारखं. डिशला ती भानगड नाही, आपल्या घरात लाइट आहे ना, मग झालं. एवढ्या एका गोष्टीसाठी आईनं नंतर अप्पांना माफ केलं. आमच्या गल्लीत पहिल्या वर्षात सहा-सात छत्र्या लागल्या आणि त्यातल्या निम्म्या घरांत तेव्हा उधारीवर किराणा चालायचा, मला माहीत आहे कारण आमचाही चालायचा.

आता एकदम २०२५ वर येतो. घटस्थापनेचा सोमवार, २२ सप्टेंबर. त्या आठवड्यात पाऊस कसा पडला ते सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही, सीना नदीनं गावंच्या गावं पाण्यात घातली, आपला टीव्ही बंद पडला ही काय रडायची गोष्ट नव्हती. रात्री साडेनऊला स्क्रीनवर सिग्नल नाही अशी पाटी आली. मला आधी वाटलं पावसामुळं असेल, कारण डीटीएच येतं केयू बँड नावाच्या लहरींच्या पट्ट्यावर आणि या बँडच्या लहरी जोराच्या पावसात आणि जाड ढगात वाटेतच शोषल्या जातात, पाऊस ओसरला की पाच-दहा मिनिटांत आपोआप येतं. सोलापुरात हा त्रास वर्षातून मोजून आठ-दहा वेळा, आपल्याकडं पाऊसच किती. मंगळवारी सकाळी ऊन पडलं, पाटी तशीच.

कस्टमर केअरला फोन लावला. एक दाबा, तीन दाबा, परत एक दाबा, तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मराठीचा पर्याय दाबला तरी हिंदी बोलणारी ताई. बॉक्स बंद करून चालू करा, केलं. केबल काढून लावा, केली. मग म्हणाली सर मौसम खराब आहे त्यामुळं होत असेल. म्हणलं ताई मी गच्चीवर उन्हात उभा आहे. तक्रार नोंदवली, मेसेज आला चोवीस तासांत तंत्रज्ञ येईल, व्हिजिटचे अडीचशे वेगळे. बुधवारी एका पोराचा फोन आला, तो मोहोळकडं अडकला होता, रस्त्यावर पाणी. त्याची काय चूक, म्हणलं सावकाश ये बाबा, जीव सांभाळ. पण गुरुवारी मेसेज आला की तुमच्या तक्रारीचं निवारण झालं आहे, धन्यवाद. कुणी केलं निवारण? कुठल्या घरात? परत फोन केला तर म्हणे जुनी तक्रार बंद झाली, नवी नोंदवावी लागेल, आणि सर तुमचा बॉक्स जुना झालाय, नवा एचडी बॉक्स घेता का, ऑफर आहे. इथं माझं डोकं सटकलं.

या पाच दिवसांत घरात टीव्ही नाही, एमआयडीसीत काम नाही (ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं ५० टक्के टॅरिफ, म्हणजे आयात कर, लावल्यावर मी जिथं हिशोब लिहितो त्या टॉवेलच्या कारखान्यात निम्म्या ऑर्डरी थांबल्या होत्या), मग मी रागारागात एकच वाचत बसलो, की या लोकांना गच्चीवर माणूस पाठवायला पैसे नाहीत मग आभाळात उपग्रह पाठवायला कुठनं येतात. कारण गिऱ्हाईक तर आटत चाललंय. ट्राय म्हणजे सरकारी दूरसंचार नियामक, त्यांचे आकडे बघितले तर २०२० मध्ये देशात सात कोटींच्या आसपास चालू डीटीएच कनेक्शन होती, २०२५ मध्ये सहा कोटींच्याही खाली आली. मोबाइल डेटा स्वस्त झाला, पोरं टीव्हीकडं बघत नाहीत. आणि याच काळात, जून २०२२ मध्ये, जीसॅट-२४ नावाचा ४१८० किलोचा उपग्रह दक्षिण अमेरिकेतल्या कुरूहून एरियान-५ रॉकेटनं वर गेला, त्यावर २४ केयू बँड ट्रान्सपाँडर (खालचा सिग्नल झेलून परत खाली पाठवणारी यंत्रं), आणि त्याची सगळीच्या सगळी क्षमता टाटा प्लेनं भाड्यानं घेतलेली. धंदा उतरणीला आणि उपग्रह नवा. मला हे आधी वेडेपणा वाटला.

मग अप्पांना सांगितलं. अप्पा आता शहात्तरचे, माग विकून दहा वर्षं झाली, पण हिशोब अजून मागाच्याच भाषेत. (बीम म्हणजे मागावर चढवतात तो ताण्याच्या सुताचा रूळ.) ते म्हणाले, "बीम चढवल्यावर मंदी आली म्हणून माग थांबवतोस का बे? चढवलंय ते विणावंच लागतंय."

आणि नेमकं तसंच आहे हे. एक उपग्रह बांधायला दोन-तीन वर्षं जातात, रॉकेटमधली जागा आधीच बुक करावी लागते, विमा काढावा लागतो. ज्या दिवशी तो उडतो त्या दिवशी बाजार कसा आहे याचा आणि ऑर्डर दिली तेव्हाचा काही संबंध नसतो. मध्येच थांबवायचं म्हटलं तर दिलेले पैसे बुडणार आणि जुना उपग्रह तर म्हातारा होत चाललेला. त्याला वर जागेवर ठेवायला अधूनमधून इंधन जाळावं लागतं, साधारण पंधरा वर्षांत ते संपतं, त्याआधी दुसरा तयार नसेल तर एक दिवस सगळ्यांच्या टीव्हीवर तीच पाटी, सिग्नल नाही. जीसॅट-२४ चंही आयुष्य पंधराच वर्षं धरलंय. म्हणजे हा हिशोब २०३७ पर्यंतचा, आजच्या मंदीचा त्यात काय संबंध.

२००८-०९ ला तर हे फारच ठळक झालं होतं, आणि ते वाचताना मला सारखी आमची ती बंद शेड आठवत होती. अमेरिकेत घरं जप्त होत होती, गाड्यांच्या कंपन्या दिवाळं काढत होत्या, आणि तिथल्या दोन मोठ्या सॅटेलाइट टीव्ही कंपन्या, डायरेक टीव्ही आणि डिश नेटवर्क, यांचे ग्राहक २००९ मध्ये वाढले, कमी नाही झाले. डिश नेटवर्कसाठी डिसेंबर २००८ मध्ये सिएल-२ हा उपग्रह गेला, डायरेक टीव्ही-१२ हा २९ डिसेंबर २००९ ला बैकोनूरहून प्रोटॉन रॉकेटवर गेला, एचडी चॅनल वाढवायला. कारण तेच जे अप्पांनी आईला सांगितलं होतं, माणूस घरात बसणार. फक्त अप्पांनी दीड हजार घातले आणि त्यांनी काहीशे कोटी. आपल्याकडं पण बघा ना, बिग टीव्ही ऑगस्ट २००८, एअरटेल ऑक्टोबर २००८, व्हिडिओकॉन २००९, ऐन मंदीत तीन नवी दुकानं उघडली. सगळ्यांना उपग्रहावर जागा पाहिजे आणि इस्रोकडं तेवढी केयू बँडची जागाच नाही. टाटा स्कायनं (म्हणजे आताचं टाटा प्ले) डिसेंबर २००५ मध्ये गेलेल्या इन्सॅट-४ए वरच्या बारा ट्रान्सपाँडरवर दुकान मांडलं आणि जास्तीच्या जागेसाठी कित्येक वर्षं वाट बघितली.

पण सगळ्यांचं बरं झालं असं नाही हां. सगळ्यात भारी किस्सा प्रोटोस्टार नावाच्या कंपनीचा आहे, हा मी शुक्रवारी रात्री बारा वाजता वाचला आणि अप्पांना उठवून सांगावंसं वाटलं. ही कंपनी खास आशियातल्या टीव्हीवाल्यांना उपग्रहावरची जागा भाड्यानं द्यायला काढलेली. पहिला उपग्रह जुलै २००८ ला सोडला, दुसरा मे २००९ ला. आणि जुलै २००९ संपायच्या आत कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज टाकला. म्हणजे दुसरा उपग्रह वर जाऊन जेमतेम अडीच महिने झालेले, कोरा करकरीत माल वर फिरतोय आणि खाली मालकच बुडाला. मग लिलाव. पहिला इंटेलसॅटनं घेतला २१ कोटी डॉलरला, दुसरा एसईएस कंपनीनं साडेअठरा कोटी डॉलरला, आणि त्याचं नाव ठेवलं एसईएस-७. आता गंमत अशी की हाच एसईएस-७ पुढं एअरटेलच्या डीटीएचसाठी वापरला गेला. मंदीत एकाचं दिवाळं निघालं आणि त्याच मालावर दुसऱ्यानं दुकान चालवलं.

हे सकाळी सांगितल्यावर अप्पा इतके हसले. त्यांच्या सहापैकी दोन माग असेच घेतलेले, एका बुडालेल्या कारखान्याच्या लिलावातले, निम्म्याहून कमी भावात, आणि तेच दोन माग सगळ्यात जास्त चालले. "मंदीत माग बनवणारा मरतोय, मंदीत माग घेणारा तरतोय," हे त्यांचं आवडतं वाक्य आहे, मी आधी हजार वेळा ऐकलंय, पण उपग्रहालाही लागू पडेल असं वाटलं नव्हतं.

त्याच काळातलं दुसरं उदाहरण वर्ल्डस्पेस, उपग्रहावरून रेडिओ, भारतात बऱ्यापैकी लोकांनी वर्गणी भरून ऐकला. ऑक्टोबर २००८ ला कंपनी दिवाळखोरीत आणि ३१ डिसेंबर २००९ ला इथली सेवा बंद. म्हणजे मंदीत घरात बसलेला माणूस टीव्हीला पैसे देतो, रेडिओला देत नाही, असा आपला साधा निष्कर्ष, चूक असेल तर असू दे.

असो. गाडी परत गच्चीवर आणतो.

शनिवारी संध्याकाळी वैतागून कन्ना चौकाकडं गेलो, तिथं एक डिश दुरुस्तीवाले आहेत, सगळे त्यांना अण्णाच म्हणतात, पूर्व भागातले पद्मशाली, बोलतात मराठी पण मध्येमध्ये तेलुगूचा हेल. दुकान म्हणजे दुकान नाही, सहा बाय आठचा गाळा, बाहेर जुन्या छत्र्या रचलेल्या. म्हणले उद्या सकाळी येतो. म्हणलं उद्या नक्की ना, रात्री आशिया कपची फायनल आहे, पाकिस्तान आहे समोर. म्हणाले, "मालक, मलाबी बघायचीय की."

रविवारी साडेआठला हजर. खांद्यावर पिशवी, हातात छोटा मीटर. त्याला सॅटेलाइट फाइंडर म्हणतात, सिग्नल सापडला की पीऽऽ करून ओरडतो. वर जाऊन आधी त्यांनी छत्रीला हातच लावला नाही, पाच मिनिटं नुसती फिरून बघितली. मग विचारलं, "ही दोरी कुणी बांधलीय ओ?"

दोरी आईनं बांधलेली. उन्हाळ्यात कुरडया-सांडग्याच्या वाळवणाची चादर ताणायला म्हणून एक टोक छत्रीच्या पाइपला आणि एक टोक जिन्याच्या गजाला, नंतर तीच कपडे वाळत घालायची झाली. पावसात चार सोलापुरी चादरी भिजून तिच्यावर दोन दिवस लोंबत होत्या. आता चादर भिजल्यावर किती वजन होतं ते सोलापूरकराला सांगायला नको.

अण्णा म्हणाले, "मालक, वरचं काय नाही. वरचं कधीच काय नसतंय. ही हललीय." आणि बोटानं दाखवलं किती, एक नख. मला वाटलं मस्करी करतायत. मग मी खाली येऊन कागदावर आकडेमोड केली (अकाउंटंट आहे, सवय). छत्री साधारण ६० सेंटिमीटरची, तिची कड एक सेंटिमीटर पुढं-मागं झाली तर दोन अंशांच्या आसपास फरक पडतो. उपग्रह आहे विषुववृत्तावर ३६,००० किलोमीटर उंच. दोन अंश म्हणजे तिथं साडेबाराशे किलोमीटर. सोलापूरपासून दिल्ली सरळ रेषेत जेवढी लांब तेवढी चूक, आईच्या दोरीमुळं. आपली छत्री उपग्रह सोडून मोकळ्या आभाळाकडं बघत बसलेली पाच दिवस.

हे कळल्यावर गल्लीतल्या छत्र्यांकडं बघायची नजरच बदलली. कधी बघा गच्चीवरून, सगळ्या छत्र्या एकाच दिशेला नसतात. ८३ अंशावरच्या उपग्रहाची, म्हणजे टाटावाल्यांची, जवळजवळ दक्षिणेला तोंड करून. ९५ अंशवाली डिश टीव्हीची आग्नेयेला. १०८ अंशवाली एअरटेलची आणखी पूर्वेला वळलेली. कोण कुणाचं गिऱ्हाईक आहे ते लांबूनच कळतं. आणि आता गल्लीत नव्या लागतायत त्या डीडी फ्री डिशच्या, ९३.५ अंशावरच्या जीसॅट-१५ कडं बघणाऱ्या. अण्णा म्हणाले टॅरिफ लागल्यापासून आठवड्याला चार-पाच छत्र्या ते पैसेवाल्या कंपनीवरनं फ्री डिशवर फिरवतात. महिन्याचं भाडं शून्य, एकदा बॉक्स घेतला की झालं. मंदी कुणाला मोजायची असेल तर शेअर बाजार बघायची गरज नाही, अण्णांची वही बघावी.

अण्णांनी एलएनबी, म्हणजे छत्रीच्या तोंडासमोरचा सिग्नल पकडणारा डबा, खोलून पुसला, आतला कनेक्टर हिरवा पडला होता तो बदलला, केबलचं वरचं दहा फूट कातडं उन्हानं तडकलेलं (आपला मे महिना, ४४-४५ डिग्री, कुठली केबल टिकणार) तिथं नवी आरजी-६ केबल टाकली, नट घट्ट करून वर ऑइलपेंटचा ठिपका दिला, म्हणजे पुढच्या वेळी हललं की नाही ते बघूनच कळेल. चाळीस मिनिटांत मीटर ओरडला. खाली खालच्या मजल्यावरच्या अक्कांनी आवाज दिला, दिसलालंय म्हणून. साडेतीनशे रुपये, केबल धरून. चहा घेतला, शेंगाचटणी-कडक भाकरी पुढं केली तर म्हणाले उपास आहे.

फक्त अण्णांचं ते वाक्य, वरचं कधीच काय नसतंय, ते शंभर टक्के बरोबर नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. १० जुलै २००६ ला इन्सॅट-४सी घेऊन निघालेलं जीएसएलव्ही रॉकेट श्रीहरिकोट्याहून उडून मिनिटभरात बिघडलं आणि बारा केयू ट्रान्सपाँडर समुद्रात गेले, ज्यांच्यावर डीटीएचवाले डोळे लावून बसलेले. जुलै २०१० मध्ये इन्सॅट-४बी च्या सोलर पॅनलमध्ये बिघाड झाला, वीज निम्मी झाली, निम्मे ट्रान्सपाँडर बंद करावे लागले आणि सन डायरेक्टला चॅनल दुसऱ्या उपग्रहावर हलवावे लागले. तिथं अण्णा जाऊ शकत नाहीत, छत्तीस हजार किलोमीटरवर शिडी लागत नाही. पण हे कधीतरी एखाद-दुसऱ्यांदा. माझ्या घरातला टीव्ही सोळा वर्षांत जितक्या वेळा बंद पडला त्यातला पाऊस सोडला तर प्रत्येक वेळी कारण छत्री ते टीव्ही या पंचवीस-तीस फुटांतलंच निघालं. उंदरानं केबल कुरतडली, कबुतरानं एलएनबीवर घरटं केलं, अडॅप्टर जळाला, आणि आता दोरी.

म्हणून माझा या सेवेवरचा राग असा आहे की कंपनीचं सगळं लक्ष ३६,००० किलोमीटरवर आणि शेवटच्या तीस फुटांवर कुणीच नाही. वरच्या सामानाला पाचपैकी पाच देतो, डोळे झाकून. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ, आणि लाइव्ह मॅच मोबाइलच्या आधी दिसते. सिग्नलला वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो, मोबाइलवरचं मात्र बऱ्याच सेकंदांनी मागं असतं. त्या रात्री फायनलला रिंकूचा विजयी चौकार आमच्याकडं आधी गेला, मग थोड्या वेळानं समोरच्या घरातनं ओरडा ऐकू आला, मग त्यांच्या वरच्या मजल्यावरनं. पाच दिवसांचा राग त्या चौकारात निम्मा उतरला, मान्य करतो.

खालच्या सर्व्हिसला एक स्टार, तोही मोहोळला पाण्यात अडकलेल्या पोरासाठी, तो फोन तरी करून सांगत होता. त्या पोरांचा पण काय दोष, ती कंपनीची माणसं नसतातच, कंत्राटावर कंत्राट, एका व्हिजिटमागं त्यांच्या हातात किती पडत असतील देव जाणे.

पैशाचं. १ फेब्रुवारी २०१९ ला ट्रायचा नवा नियम लागू झाला तेव्हा पहिल्या शंभर चॅनलना १३० रुपये अधिक अठरा टक्के जीएसटी, १५३ रुपये ४० पैसे, आणि वर जे पाहिजे ते चॅनल वेगळे पैसे देऊन. ऐकायला भारी होतं, पाहिजे तेवढंच घ्या. पण सोलापूरच्या घराला हा हिशोब परवडत नाही, कारण आपल्याकडं एका बिल्डिंगमध्ये तीन भाषा. आईला मराठी मालिका, खालच्या अक्कांना तेलुगू (त्यांचा टीव्ही आमच्याच छत्रीवर दुसऱ्या बॉक्सनं चालतो), मामी कलबुर्गीच्या, त्या आल्या की कन्नड, पोराला कार्टून, अप्पांना मॅच आणि बातम्या. कंपन्यांचे पॅक मात्र असे बांधलेले की मराठी घेतलं की तेलुगू वेगळं, तेलुगू घेतलं की कन्नड वेगळं, बेरीज करता करता महिन्याला ३९० वर जातं. सप्टेंबर २०२५ मध्ये मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ झाला म्हणून पेपरात पानभर जाहिराती आल्या, रिचार्जवरचा होता तिथंच आहे.

जीसॅट-२४ सारखा उपग्रह वर गेला की सोलापूरच्या माणसानं खरं तर खूश व्हायला पाहिजे, कारण एका ट्रान्सपाँडरवर साधे चॅनल वीसेक बसतात, जागा वाढली की छोट्या भाषांचे चॅनल मावतात, नाहीतर जागा कमी असली की पहिली कात्री त्यांनाच लागते. पण वर जागा वाढली म्हणून खाली पॅक स्वस्त झाला असं मी तरी या सोळा वर्षांत पाहिलं नाही. आणि आता वर जाणारा नवा माल टीव्हीसाठी कमी आणि इंटरनेटसाठी जास्त दिसतोय, नोव्हेंबर २०२४ ला फाल्कन-९ वर गेलेला ४७०० किलोचा जीसॅट-एन२ ब्रॉडबँडचाच आहे. टाटा प्ले आणि एअरटेलची एकत्र यायची बोलणी पण मे २०२५ मध्ये फिसकटली.

नवीन कनेक्शन घ्यावं का? घरात म्हातारी माणसं असतील, नेट धड येत नसेल, तर घ्या, अजूनही याला पर्याय नाही. आमच्या आईला रिमोटवरचं एक बटण कळतं, तिला ॲप उघड आणि पासवर्ड टाक म्हणून सांगण्यापेक्षा ३९० परवडले. फक्त वर्षाचं रिचार्ज एकदम मारू नका, महिन्याचंच मारा. पाहुणे आल्यावर कन्नड पॅक एक महिन्यापुरता टाकायचा आणि नंतर आठवणीनं काढायचा, ते आपोआप निघत नाही, हे मी सात महिने पैसे भरून शिकलोय. घरात फक्त बातम्या आणि गाणी लागत असतील तर सरळ फ्री डिश. आणि मार्चमध्ये किंवा सप्टेंबर संपता-संपता दिवसा काही मिनिटं चित्र गेलं, रोज साधारण त्याच वेळेला, आठवडाभर, तर कस्टमर केअरला फोन करू नका, अडीचशे घालवाल, तेव्हा सूर्य नेमका उपग्रहाच्या मागं येतो आणि छत्रीला उपग्रहाऐवजी सूर्यच ऐकू येतो. आपोआप जातं ते.

कंपनीचा परवा परत फोन आला होता, रेकॉर्डेड, आमच्या सेवेवर तुम्ही किती समाधानी आहात, एक ते पाच दाबा. फोन आईनं उचलला. तिला वाटलं अण्णांच्या दुकानातनं आलाय, तिनं पाच दाबला आणि वर सांगितलं की अण्णांना जेवायला पाठवा एकदा, उपास सुटला असेल.

दोरी आता पाण्याच्या टाकीच्या पाइपला बांधलीय. मी म्हणलं आई हा पाइप निघाला तर पाणी जाईल सगळं. ती म्हणाली, असंही चार-पाच दिवसांनी एकदाच येतंय.